फी माफ, पण राहायचं कुठे?

महिन्याला १,६६६ रुपयांत पुण्यात राहायला जागा मिळत नाही. हे कळायला समिती नेमावी लागत नाही, सदाशिव पेठेत नाहीतर विद्यापीठाच्या आसपास औंध-पाषाणकडे एक चक्कर मारली तरी पुरे. तरीही आपल्या राज्य सरकारच्या हिशेबात पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं घरभाडं एवढंच आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. वीस हजारांना बारांनी भागलं की वरचा आकडा येतो. जेवणाचे पैसे दिवसावर आणले तर ८८ रुपये होतात, आणि त्यात चहा-नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं बसवायचं असतं.

ही योजना २०१६-१७ साली सुरू झाली. तिच्यामुळे शिकलेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत, त्यामुळे ती बंद व्हावी असं कुणी म्हणालं तर मी पहिला विरोध करीन. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनाही त्याच सुमारास आली, मोठ्या शहरांसाठी याच रकमेची. पुढे २०२३-२४ मध्ये इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना जाहीर झाली. तिच्यातही मोठ्या शहरासाठी आकडा तोच, ६०,०००. सात वर्षांत घरभाडं वाढलं, गॅस वाढला, तेल-डाळी वाढल्या, मेसवाल्याने दर वर्षी दर वाढवला. सरकारी कागदावरचा विद्यार्थी मात्र जुन्याच भावात जेवतो आणि झोपतो आहे.

सरकारला घरभाड्याचा हिशेब जमत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सातव्या वेतन आयोगात पुणे ‘एक्स’ म्हणजे सर्वांत मोठ्या शहरांच्या वर्गात आहे. या वर्गाच्या शहरात नोकरी करणाऱ्या सर्वांत खालच्या पगाराच्या कर्मचाऱ्यालाही महिन्याला किमान ५,४०० रुपये घरभाडे भत्ता मिळावा असं तिथे ठरलेलं आहे. शिवाय महागाई भत्ता २५ टक्क्यांवर आणि ५० टक्क्यांवर गेला की घरभाड्याचे दर आपोआप वर चढतात, त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. हे योग्यच आहे. माझा प्रश्न इतकाच, की त्याच शहरात, त्याच पेठेत राहणाऱ्या एम.ए.च्या मुलाला ५,४०० च्या जागी १,६६६ रुपये कसे पुरावेत? घरमालक त्याला विद्यार्थी म्हणून सवलत देतो की काय?

उच्च शिक्षणाची चर्चा आपल्याकडे फीपाशी सुरू होते आणि फीपाशीच संपते. फी हा संस्थेचा आणि सरकारचा आपसातला व्यवहार असल्यामुळे ती माफ करणं सोपं असतं, जाहीर करायलाही सुटसुटीत असतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्या निर्णयाचं मोल मोठं आहे. पण धाराशिव किंवा गडचिरोलीच्या एखाद्या घरात बसून तो निर्णय वाचा. मुलगी म्हणते, फी नाही, मी पुण्याला जाते. वडील विचारतात, राहशील कुठे? आई विचारते, जेवशील कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरं शासन निर्णयात नाहीत, आणि ती मिळाली नाहीत की बॅग भरलेली पोरगी घरीच राहते. तिच्या नावापुढे कुठल्याही कार्यालयात ‘गळती’ असं लिहिलं जात नाही, कारण ती प्रवेशाच्या यादीत आलेलीच नसते.

पदव्युत्तर शिक्षणात हे जास्त टोचतं. पदवीचं कॉलेज आता बहुतेक तालुक्यांत आहे, मुलं एसटीच्या पासवर घरून ये-जा करतात. एम.ए., एम.एस्सी., एम.एस.डब्ल्यू.साठी मात्र जिल्ह्याचं, विद्यापीठाचं शहर गाठावं लागतं. वय एकवीस-बावीस झालेलं असतं, धाकट्या बहिणीचं लग्न डोळ्यांसमोर असतं, आणि घरच्यांना वाटत असतं की आता याने दोन पैसे पाठवावेत. अशा वेळी उलट घरूनच दर महिन्याला आठ-दहा हजार मागवायचे म्हणजे ज्या घरात सोयाबीन आणि कापसाच्या भावावर वर्षाचं गणित ठरतं, तिथे काय होत असेल याची कल्पना करा.

किनवट तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याची वही मी पाहिली आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे हिशेब चोख. कॉट बेसिसवर जागा, ४,००० रुपये, लाईट बिल वेगळं. दोन वेळची मेस ३,२००. अभ्यासिका १,०००, कारण खोलीत चौघं राहतात आणि दिवा कधी मालवायचा यावर चौघांचं एकमत होत नाही. बसचा पास, मोबाईलचं रिचार्ज, झेरॉक्स, साबण. बेरीज साडेनऊ हजारांच्या पुढे. सुरुवातीला दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून आणि एका महिन्याचं ब्रोकरला, ते वेगळंच. विभागाची वर्षाची फी या दोन महिन्यांच्या खर्चात भरून झाली असती. रविवारी मेस एकच वेळ असते, म्हणून त्याच्या वहीत दर रविवारपुढे ‘रात्री — पोहे’ असं लिहिलेलं होतं, काही रविवारी नुसतीच रेघ.

जागाही एकदा नीट बघून घ्यावी. जुन्या वाड्याचा वरचा मजला, दहा बाय बाराची खोली, भिंतींना लावलेल्या चार लोखंडी कॉट आणि मधे एक माणूस आडवा होऊन जाईल इतकी वाट. प्लगचा एकच पॉइंट, त्यावर एक्स्टेन्शन, आणि त्यावर चौघांचे चार्जर. कपडे दोरीवर, पुस्तकं कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत. कॉटवर मांडी घालून प्लायवूडचा तुकडा गुडघ्यांवर ठेवला की टेबल झालं. दारामागे मालकांनी चिकटवलेले नियम: गरम पाणी सकाळी सहा ते सात, पाहुणे आणू नयेत, रात्री दहानंतर गेट बंद. या खोलीतून मुलं नेट-सेट काढतात, स्पर्धा परीक्षा देतात. लोक त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतात, आणि ते कौतुक ऐकताना मला नेहमी त्रास होतो. इतकी जिद्द नुसतं राहण्यासाठी खर्ची पडत असेल तर अभ्यासाला किती उरत असेल?

ज्याला कॉटही परवडत नाही तो वसतिगृहात ‘पॅरासाईट’ म्हणून राहतो. म्हणजे खोली मित्राच्या नावावर आणि हा दोन कॉटच्या मधल्या फरशीवर. रात्री रेक्टरची तपासणी आली की गच्चीवर किंवा दुसऱ्या मजल्यावर जायचं. आपल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, आज प्राध्यापक, अधिकारी झालेले कितीतरी जण असेच शिकले. आपल्या खोलीत दुसऱ्याला झोपू देणारा मित्र मोठ्या मनाचा असतो. पण राज्याचं उच्च शिक्षण अशा चोरून दिलेल्या जागेवर उभं असणं बरं नव्हे.

शिकणाऱ्या पोराच्या राहण्या-जेवण्याची सोय समाजाने करायची असते, हे महाराष्ट्राला बाहेरून कुणी शिकवलेलं नाही. पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत. त्यात मिंधेपणा होता, पण सातही वारी कुठल्या ना कुठल्या घरी पान मांडलेलं असे, म्हणून ती मुलं शिकून वर आली. ज्यांच्या जातीची शहरात घरंच नव्हती, किंवा होती ती गावकुसाबाहेर आणि अर्धपोटी, त्यांनी वार कुठे लावायचे? राजर्षी शाहू महाराजांनी हेच हेरलं. नुसती शाळा उघडून भागणार नाही, खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात पाठ टेकायला जागा हवी, हे ओळखून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढेही ही माळ वाढत गेली. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना पैसा दिला, दरसालची नेमणूक करून दिली. एका संस्थानाच्या तिजोरीला हे झेपलं.

या वसतिगृहांतल्या एकाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून जैन बोर्डिंगमधून एका विद्यार्थ्याला बाहेर काढण्यात आलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं ते सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत बसवणारं. १९२७ साली गांधीजींनी तिथे येऊन त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. ‘कमवा आणि शिका’ ही आज विद्यापीठांच्या माहितीपत्रकात एक योजना म्हणून छापली जाते, तिचं मूळ या घरात आहे. भाऊरावांनी आधी राहण्याची सोय केली आणि मग शाळा वाढवल्या. आपण तो क्रम उलटा केला: जागा वाढवल्या, नवे अभ्यासक्रम सुरू केले, आणि मुलं राहतील कुठे हे मुलांवर सोडून दिलं.

डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यात तर शिष्यवृत्ती आणि छप्पर हे दोन प्रश्न समोरासमोर उभे राहिलेले दिसतात. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला मिळालं, नवल भथेनांसारखा जन्मभराचा मित्र मिळाला. चार वर्षांनी, १९१७ साली, शिष्यवृत्तीच्या करारापोटी नोकरी करायला ते बडोद्याला आले, आणि त्या शहरात त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत त्यांनी ओळख लपवून आसरा घेतला. थोड्याच दिवसांत हातात काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले आणि खोली सोडावी लागली. शहरभर विचारूनही छप्पर मिळालं नाही तेव्हा ते मुंबईला परतले. पैसा देणारा राजा उदार होता, तरी खोली देणारा माणूस मिळाला नाही. पुढे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभारलं तेव्हा नागसेनवनात कॉलेजबरोबर वसतिगृहंही आली, आणि मराठवाड्यातल्या दलित मुलांची एक अख्खी पिढी तिथे घडली. बाबासाहेबांना छपराचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच ‘खात्यात पैसे टाकले की झालं’ ही आजची सरकारी विचारसरणी मला पटत नाही. तिच्या बाजूचं म्हणणं मला समजतं. इमारत बांधायला वर्षं जातात, कंत्राटात गळती असते, वसतिगृहातल्या भाजीत पाणी किती आणि डाळ किती हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा पैसे थेट मुलाच्या हाती द्यावेत, तो त्याचं बघून घेईल. यंदाच्या जूनमध्ये येणाऱ्या मुलाला पाच वर्षांनी होणाऱ्या इमारतीचा उपयोग नाही हेही खरं. रोख मदत हवीच. पण ती वसतिगृहाच्या जागी येऊन बसली की दोन गोष्टी होतात. एक तर शहरात कॉट तेवढ्याच राहतात आणि त्या मागणाऱ्यांच्या हातात थोडे पैसे येतात. म्हणजे ते पैसे भाडं वाढवून घरमालकाकडे जातात. दुसरं म्हणजे पैसे हातात असले तरी दार उघडेलच असं नाही. आडनाव विचारलं जातं, गाव विचारलं जातं, ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही’ असं कुणीही न विचारता सांगितलं जातं. मुसलमान मुलाला फोनवर रिकामी असलेली खोली तासाभरात ‘गेली’ असते. हे माझ्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं आहे, तेही तक्रार म्हणून नव्हे तर रोजची गोष्ट म्हणून, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. सरकारी वसतिगृहाच्या दारात तरी आडनावावरून परत पाठवता येत नाही.

मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा मुला-मुलींनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. पैसे वेळेवर येत नाहीत आणि आले तरी पुरत नाहीत, आम्हाला ताटात जेवण द्या, एवढीच मागणी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत विद्यार्थी संपावर गेले आणि तुळजापूरसह इतर केंद्रांतही तो संप पसरला. कारण काय, तर शिष्यवृत्ती मिळणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना वसतिगृह आणि भोजनाच्या खर्चात असलेली सवलत काढून घेतली गेली होती. दोन्ही ठिकाणी भांडण ताटाचं आणि खाटेचं होतं.

पैसे वेळेवर येत नाहीत, हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, कॉलेजच्या पातळीवर तो अडकतो, मग जिल्हा कार्यालयात, मग त्रुटी काढली जाते, मग ती दुरुस्त करायची. पहिला हप्ता येईस्तोवर पहिलं सत्र संपलेलं असतं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. पारदर्शकतेसाठी हे चांगलं, पण पैसे येईपर्यंत कॉलेज मुलाकडे तगादा लावतं आणि मूळ कागदपत्रं हातात देत नाही, असाही अनुभव मुलांना येतो. घरमालक तर कुठल्याच पोर्टलची वाट बघत नाही, त्याला एक तारखेला भाडं हवं असतं. मधले सहा-आठ महिने मुलं हातउसने करून काढतात, सावकाराकडून घेतात, रात्री पार्सल पोचवायला जातात. उशिरा आलेली शिष्यवृत्ती मुलाच्या हाती पडते तेव्हा ती बहुतेक आधीच खर्च झालेली असते.

आणि पुरावा! भाड्याने राहतो हे कागदावर दाखवायचं तर करारनामा हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, न नोंदवल्यास दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. पण कॉट बेसिसवाला मालक करार कशाला करील? तो भाडं रोख घेतो, पावती देत नाही, आणि जास्त बोललात तर दुसरीकडे बघा म्हणतो. कायदा मोडतो मालक आणि अर्ज नामंजूर होतो मुलाचा. यात बदल करायला एक रुपयाही लागत नाही. विभागप्रमुखाने किंवा प्राचार्यांनी ‘हा विद्यार्थी शहरात राहून शिकतो’ असा दाखला दिला की तो पुरावा मानावा. मी असे दाखले आनंदाने सही करून देईन.

‘मग कर्ज काढा,’ असं सुखवस्तू माणसं सहज सांगतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली: तारणाशिवाय, जामिनाशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. चांगली योजना आहे, पण ती क्रमवारीत वर असलेल्या संस्थांपुरती आहे. आणि मुळात कर्ज हे पुढे येणाऱ्या पगाराच्या भरवशावर काढायचं असतं. एमबीएवाल्याला तो भरवसा असतो. इतिहासात, मराठीत, समाजकार्यात एम.ए. करणाऱ्याला, गणितात एम.एस्सी. करून तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तो कुठून असणार? त्याला कर्ज घ्यायला लावणं म्हणजे हे विषय गरिबाने शिकू नयेत असं सांगणं आहे. मग पुढच्या पिढीचे इतिहासकार, भाषेचे अभ्यासक, समाजशास्त्रज्ञ फक्त पुण्या-मुंबईत स्वतःचं घर असलेल्यांतूनच येतील. याने विद्यापीठाचं नुकसान किती होतं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आपली बरीच मुलं आता जर्मनीला शिकायला जातात. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क जवळजवळ नाहीच. पण व्हिसा देण्याआधी ते विचारतात, वर्षभर राहणार-खाणार कशावर? सप्टेंबर २०२४ पासून त्याचा आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२, आणि तो वेगळ्या खात्यात आधी दाखवावा लागतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांना ही अट जड जाते, ती घालावी असं मी म्हणत नाही. तिथेही वसतिगृहांत जागा अपुऱ्या आहेत, मुलं महिनोन्‌महिने प्रतीक्षायादीत असतात. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. शिकण्याचा खर्च म्हणजे मुख्यतः जगण्याचा खर्च, हे त्या व्यवस्थेने मान्य केलं आहे, त्याचा आकडा ती उघडपणे मांडते आणि वेळोवेळी बदलते. आपला आकडा कुठल्या बाजारभावावर काढला, हे शासन निर्णय वाचून समजत नाही.

वसतिगृहं म्हटलं की एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो, कारण तो टाळणं अप्रामाणिक ठरेल. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली, आणि संशय होता तो तिथेच काम करणाऱ्या माणसावर. सरकारी इमारत म्हणजे सुरक्षित, असं त्यानंतर कुठल्याही आईला सांगता येत नाही. म्हणून खाटांची संख्या वाढवताना महिला गृहपाल, रात्रीची माणसं, चालू असलेले दिवे, विद्यार्थिनींची स्वतःची समिती, हे सगळं इमारतीइतकंच आवश्यक धरायला हवं. या कामावर कायमची माणसं नेमावी लागतील. तिथे काटकसर केली तर वसतिगृह बांधूनही मुली येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

पैसा कुठून आणायचा? आपण एक साधं गणित करू. घटकाभर धरून चाला की मोठ्या शहरांतल्या एक लाख विद्यार्थ्यांचा निवासभत्ता वर्षाला २०,००० वरून ६४,८०० करायचा आहे, म्हणजे केंद्राच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याच्या किमान घरभाड्याइतका. वाढीव खर्च ४४८ कोटी रुपये. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा आहे. हजार रुपयांमागे ६४ पैसे. हे राज्याला झेपत नाही, असं कुणी म्हणालं तर मी त्याला कोल्हापूर संस्थानाकडे बोट दाखवीन. इच्छा असली की कर कसा सुटतो हेही आपण पाहिलं आहे. जुलै २०२३ मध्ये कर्नाटकात वसतिगृहांच्या आणि पेइंग गेस्टच्या जागांच्या भाड्यावर १२ टक्के जीएसटी लागतो असा निवाडा आला, आणि ओरड झाल्यावर जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने महिना वीस हजारांपर्यंतच्या, किमान सलग नव्वद दिवसांच्या वास्तव्याला सूट दिली.

इमारतींचं म्हणाल तर आज सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, अल्पसंख्याक विकास आणि उच्च शिक्षण अशा वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या योजना, वेगवेगळ्या तारखा आणि वेगवेगळ्या अटी आहेत. प्रत्येक प्रवर्गाचा वाटा राखीव असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तो कमी होता कामा नये. पण वाटे राखून एका विद्यापीठाच्या आवारात एकच मोठं वसतिगृह, एकच अर्ज, एकच खाणावळ का असू नये? भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात ते करून दाखवलं. प्रवेशाची यादी लागते त्याच दिवशी खाटेची यादीही लागावी, आणि ज्याला खाट देता येत नाही त्याच्या खात्यात पहिल्या सत्राचा भत्ता वर्ग सुरू होण्याआधी जमा व्हावा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत् आराखडा करतं, कुठे नवं कॉलेज, कुठे नवा अभ्यासक्रम ते त्यात ठरतं. त्या आराखड्यात वसतिगृहाच्या खाटांचा रकाना सक्तीचा करावा. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची सोय दाखवल्याशिवाय नव्या पदव्युत्तर तुकडीला मान्यता देऊ नये.

यासाठी दबाव कोण आणणार, हा प्रश्न अवघड आहे. विधान परिषदेत पदवीधरांचे स्वतंत्र मतदारसंघ आहेत, पण पदवी मिळून तीन वर्षं झाल्याशिवाय तिथे मतदार होता येत नाही. म्हणजे एम.ए.चा मुलगा दोन वर्षं पेठेत कॉटवर काढून गावी परततो किंवा नोकरीला लागतो, तेव्हा कुठे त्याचं नाव यादीत जाऊ शकतं. आज मत आहे ते आपल्याकडे, ज्यांचा हा काळ मागे पडला आहे त्यांच्याकडे. विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, त्यांचंही मत आपल्याकडेच आहे. येत्या निवडणुकीत उमेदवार पत्रक घेऊन दारात येईल तेव्हा त्याला दोन आकडे विचारा: तुमच्या विद्यापीठात पदव्युत्तर वर्गाच्या जागा किती, आणि खाटा किती? आकडे माहीत नसतील तर ते घेऊन परत यायला सांगा, आणि तोवर त्या पत्रकावर हो म्हणू नका.